कॅम्पर व्हॅनच्या छतात व्हेंट फॅन: बॅटरीपासून फॅनपर्यंतचं वायरिंग

छतात बसणाऱ्या व्हेंट फॅनला दोनच वायरी लागतात, एक प्लस आणि एक मायनस. म्हणूनच की काय, व्हॅनचं बाकी सगळं काम झाल्यावर हे काम शेवटी घाईत उरकलं जातं. जवळच्या केबिन लाइटच्या वायरीला जोड मारायचा, मायनस पत्र्याला स्क्रूने कसायची, बटण दाबायचं. फॅन फिरला की गाडी ताब्यात.

फॅन फिरला म्हणजे वायरिंग बरोबर झालं असं नाही. इंजिन बंद आहे, बॅटरी अर्धी उतरली आहे, फॅन सगळ्यात वरच्या स्पीडवर आहे, अशा वेळी फॅनच्या टोकाशी किती व्होल्ट पोहोचतात, ही खरी परीक्षा. वायर किती जाडीची घ्यायची, मायनस कुठे न्यायची, जोड कसे मारायचे, हे सगळे निर्णय या एका परीक्षेवर ठरतात. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ही परीक्षा जरा जास्तच कडक होते. मे महिन्यात रात्री वारा पडला की पत्र्याची गाडी भट्टी होते आणि फॅन रात्रभर चालवावा लागतो. पुढे जूनपासून चार महिने पाऊस आणि दमट, खारी हवा. उन्हाळ्यात वायरीचा कस लागतो, पावसाळ्यात जोडांचा.

फॅन आणि गाडी

इथे बहुतेक कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या व्हॅन, फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारख्या गाड्यांवर बनतात. त्यांची मूळ वायरिंग १२ व्होल्टची. कॅराव्हॅनसाठी मिळणारे मॅक्सएअर, डोमेटिक वगैरे कंपन्यांचे फॅनही १२ व्होल्ट डीसीवरच चालतात. मोठी बस किंवा ट्रकच्या चेसिसवर घर बांधलं असेल तर गाडी २४ व्होल्टची असू शकते. तिथे २४ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर मध्ये लागतो. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा प्रकार करू नका. त्यात एक बॅटरी सतत जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात.

घरातला २३० व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन इन्व्हर्टरवर लावू असा सल्लाही मिळतो. तो टाळा. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरच स्वतः वीज खातो, आणि रात्रभर तो हलक्या स्पीडवरच्या डीसी फॅनपेक्षा जास्त खाऊ शकतो. शिवाय डोक्यावरच्या ओल्या पत्र्यापाशी २३० व्होल्ट कशाला न्यायचे?

कॅराव्हॅन फॅनचं प्रचलित भोक १४ बाय १४ इंचांचं, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर चौरस. या मापाचे चांगले फॅन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ९०० घनफूट हवा ओढतात, म्हणजे जवळपास २५ घनमीटर. ट्रॅव्हलरच्या पोटातली सगळी हवा बदलायला कागदावर अर्धा-पाऊण मिनिट लागेल. एवढ्या कामासाठी तो साधारण ३ अँपिअर घेतो, सगळ्यात कमी स्पीडवर त्याच्या कितीतरी कमी. नेमका आकडा फॅनच्या लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. पुढचा हिशेब मी ३ अँपिअर धरून करतो, तुमच्या फॅनचा आकडा तिथे घाला.

पत्र्याला हात लावण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची नोंद आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सीटं काढून बेड टाकणं यात नक्की येतं. छत कापायच्या आधी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच ०४ असेल तर ठाण्यात आणि एमएच ४३ असेल तर वाशीत, बदलाचं काम कोणत्या नोंदीखाली करायचं ते विचारून घ्या. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण त्यामुळे घरच्या घरी केलेला बदल आपोआप मंजूर होत नाही. विमा कंपनीलाही कळवा. गाडी नवी असेल तर छत कापल्यावर गंजाची वॉरंटी राहते का, तेही पाहा.

दुसरं म्हणजे हंगाम. हे काम नोव्हेंबर ते एप्रिल या काळात करा. सीलंट लावण्याआधी पत्रा कोरडा हवा आणि लावल्यावर ते पूर्ण सुकायला वेळ हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात छताला भोक पाडून ढगांकडे बघत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

वीज कुठून घ्यायची

फॅन घराच्या बॅटरीवर, म्हणजे मागे लाइट-फ्रिजसाठी ठेवलेल्या बॅटरीवर घ्या. इंजिनच्या बॅटरीवर कधीच नको. रात्रभर फॅन चालवून सकाळी माळशेजच्या पायथ्याशी गाडी सुरूच झाली नाही तर दोष बॅटरीचा नसेल.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. मधल्या स्पीडवर १ अँपिअर धरला तर ९ तासांत ९ अँपिअर-तास जातात. पूर्ण वेगात ३ अँपिअरने २७. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे सहज झेपतं. लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची असते. तिथे १०० पैकी ५० हातात, आणि त्यातले २७ एका रात्री एकट्या फॅनला द्यायचे की नाही हे आधी ठरवा.

सोलर पॅनेलची वायर थेट फॅनला जोडायची कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात येते, ऊन वाढेल तसा फॅन जोरात फिरेल म्हणून. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल कशालाही जोडलेलं नसताना २१-२२ व्होल्ट दाखवतं. फॅनमधलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यासाठी बनवलेलं नसतं. पॅनेल आधी चार्ज कंट्रोलरला, कंट्रोलर बॅटरीला आणि बॅटरीवरून फॅन, हाच क्रम ठेवा.

कंट्रोलरवर बल्बचं चिन्ह असलेले लोडचे टर्मिनल असतात. तिथे फॅन जोडता येतो. बॅटरी फार उतरली की कंट्रोलर लोड तोडतो, हा त्यातला फायदा. पण पीडब्ल्यूएम नावाने मिळणाऱ्या स्वस्त, साध्या कंट्रोलरमध्ये बहुधा प्लस सामाईक असते आणि तोडली जाते ती मायनस. अशा कंट्रोलरवरून घेतलेल्या फॅनची मायनस गाडीच्या बॉडीला लागली तर वीज कंट्रोलरला वळसा घालून परतते आणि तोडण्याची सोय निकामी होते. म्हणूनही मायनस वेगळी ओढायची. त्याबद्दल पुढे येतोच.

वायरीची जाडी

२३० व्होल्टच्या घरात अर्धा व्होल्ट वाटेत गळला तर कुणाला पत्ता लागत नाही. १२ व्होल्टमध्ये तोच अर्धा व्होल्ट म्हणजे चार टक्के. त्यामुळे इथे वायर ‘किती करंट सहन करते’ एवढ्यावर निवडता येत नाही, ‘वाटेत किती व्होल्ट गळतात’ यावर निवडावी लागते. घरात फॅनला १ स्क्वेअर एमएम टाकणारे अनुभवी इलेक्ट्रिशियनसुद्धा नेमके इथे फसतात.

वायरीची वाट मोजा. सरळ अंतर मोजून चालणार नाही. बॅटरी मागच्या बाकाखाली असेल तर वायर बाकाच्या कडेने जाते, खांबातून वर चढते, छताच्या आडव्या पट्टीतून मध्यावर येते. सुतळी घेऊन ती वाट प्रत्यक्ष मोजली तर बहुतेक ट्रॅव्हलरमध्ये ५ ते ७ मीटर भरते. आपण ६ धरू. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशेबाला १२ मीटर.

तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरीतून १२ मीटरला ३ अँपिअर नेले तर सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. १.५ मध्ये ०.४८. २.५ मध्ये ०.२९. ४ मध्ये ०.१८. १२ व्होल्टच्या ३ टक्क्यांत, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत राहायचं हा माझा नियम. त्यात २.५ स्क्वेअर एमएम बसते, १.५ बसत नाही. त्यात हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. मे महिन्यात छताच्या पत्र्यामागे ६० अंश झाले तर तांब्याचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो आणि ०.२९ चे ०.३३ ते ०.३४ होतात. २.५ तरीही आत राहते. वाट ८ मीटरच्या वर असेल किंवा फॅन ५ अँपिअरचा असेल तर सरळ ४ स्क्वेअर एमएम घ्या.

आता याची बॅटरीशी सांगड घाला. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या आसपास असते. १ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर फॅनला मिळतात साडेअकरा. पहाटे तीनला फॅनचा आवाज बदलतो आणि वारा मंदावतो तो यामुळे. लोक फॅनला नावं ठेवतात, बॅटरी बदलतात. वायर छताच्या आत दडलेली असते, तिच्यावर संशय जात नाही.

वायर बारीक तारांची, म्हणजे मल्टिस्ट्रँड घ्या. एकच जाड तार असलेली वायर गाडीच्या हादऱ्यांनी कधीतरी तुटते. आयएस ६९४ छापलेली, एचआर म्हणजे जास्त उष्णता झेलणारी वायर मागा. साधी पीव्हीसी ७० अंशांपर्यंतची असते, एचआर ८५ पर्यंतची. ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत किंवा मुंबईत लोहार चाळीत ती सहज मिळते. घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तिचा रोध जास्त, आणि दमट हवेत तिचे जोड फार लवकर सडतात. वरचे सगळे आकडे तिला लागू नाहीत.

प्लसला लाल आणि मायनसला काळी हेच रंग ठेवा. फॅनमधून बाहेर आलेल्या वायरींचे रंग मात्र पुस्तिकेत बघा. अमेरिकन पद्धतीच्या काही फॅनमध्ये काळी वायर प्लस असते आणि पांढरी मायनस. आपल्याकडे काळी दिसली की हात आपोआप मायनसकडे जातो. उलट जोडल्यावर साधी मोटर उलटी फिरते, बोर्ड असलेला फॅन जळू शकतो.

फ्यूज

फ्यूज असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या टोकाला, प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फॅनजवळ फ्यूज लावला आणि मधे कुठे पत्र्याच्या धारेने वायर कापली, तर बॅटरी ते धार एवढा तुकडा लाल होईपर्यंत तापेल आणि फ्यूज शाबूत राहील.

गाडीत फ्यूज बॉक्स असेल तर बॅटरी ते बॉक्स या जाड केबलला बॅटरीजवळ मुख्य फ्यूज हवा आणि बॉक्समध्ये फॅनसाठी स्वतंत्र खण. ३ अँपिअरच्या फॅनला ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज पुरतो. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. बॉक्स नसेल तर झाकणवाला, पाणी न शिरणारा इनलाइन फ्यूज होल्डर घ्या. होल्डरच्या स्वतःच्या वायरी बघून घ्या. स्वस्त होल्डरला केसासारख्या वायरी असतात आणि तुमची २.५ ची मेहनत तिथे वाया जाते.

घरातल्या एसी करंटसाठीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला ट्रिप होणारा स्विच, फ्यूजच्या जागी लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तुटतानाची ठिणगी त्याच्याबरोबर विझते. डीसीमध्ये ती सोय नाही. गाड्यांचे ब्लेड फ्यूज ३२ व्होल्ट डीसीसाठीच बनतात, स्वस्त असतात आणि रात्री टॉर्चच्या उजेडात बदलता येतात.

फॅन आणि लाइट एकाच फ्यूजवर ठेवू नका. फ्यूज उडाला तर अंधारात शोधाशोध होते.

मायनस

गाडीच्या लोखंडी बॉडीला मायनस जोडून एका वायरीचा खर्च वाचवायचा, ही गॅरेजची जुनी पद्धत. कारखान्यातून आलेल्या हॉर्न-लाइटसाठी ती चालते, कारण तिथे अर्थचे बिंदू ठरवून, रंग काढून, वेल्ड केलेल्या बोल्टवर घेतलेले असतात. आपण छताच्या पट्टीत स्क्रू मारतो तेव्हा ती पट्टी कुठल्या गोंदाने आणि किती रंगावर बसली आहे ते दिसत नाही. पहिल्या दिवशी जोड छान असतो. दोन पावसाळ्यांनंतर स्क्रूभोवती गंज चढतो आणि तिथे अर्धा व्होल्ट गळायला लागतो.

म्हणून मायनससाठीही तेवढ्याच जाडीची दुसरी वायर बॅटरीपर्यंत, किंवा मायनसच्या बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या मायनस एकत्र जोडायच्या पट्टीपर्यंत ओढा. बॅटरीला शंट, म्हणजे मायनसमधून जाणारा करंट मोजणारा तुकडा, असलेला मॉनिटर लावला असेल तर मायनस शंटच्या लोडच्या बाजूला जोडायची, थेट बॅटरीच्या टर्मिनलला नाही. नाहीतर फॅनने खाल्लेली वीज मॉनिटरच्या हिशेबात येतच नाही.

वायर आधी, भोक नंतर

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. छत कापण्याआधी वायर फॅनच्या जागेपर्यंत पोहोचलेली हवी. वायरीला वाट नाही हे भोक पाडल्यावर कळलं तर जागा बदलता येत नाही.

सुरुवात बॅटरीची मायनस काढून करा. मायनस काढायची पहिली, लावायची शेवटची. मग आतलं छताचं अस्तर काढा आणि आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहा. या पट्ट्या छताचं बळ आहेत, त्या कापायच्या नाहीत. दोन पट्ट्यांमध्ये १४ इंच मोकळे मिळतात अशी जागा शोधा. ट्रॅव्हलरसारख्या प्रवासी गाडीतून कॅम्पर केला असेल तर एसीचा डक्ट आणि जुन्या लाइटची वायरिंगही तिथूनच गेलेली असते.

फॅन एकच असेल तर तो ओट्याच्या जवळ, बेडच्या पायथ्याकडे घ्या. उशीच्या बरोबर वर नको. आवाज येतो, आणि झाकण उघडं राहिलं तर पहिला थेंब तोंडावर पडतो. हवा आत येण्याची खिडकी फॅनपासून तिरकी, लांबच्या कोपऱ्यात असू द्या म्हणजे वारा बेडवरून जाईल. झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला आणि तोंड मागच्या बाजूला. ईस्टर्न फ्रीवेवर झाकण चुकून उघडं राहिलं तरी समोरचा वारा ते दाबून धरतो, उचकटत नाही.

वायरी फ्लेक्सिबल पन्हाळी पाइपमध्ये घाला. पत्र्यातून जिथे जिथे वायर आरपार जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारी रबरी कडी, हवा, एकही भोक उघडं सोडू नका. खांबातून वर चढवताना आधी कडक तार किंवा नायलॉनची दोरी खाली सोडा आणि तिला वायर बांधून ओढा. दर फूटभरावर झिप टायने बांधा, नाहीतर कसाऱ्याच्या वळणांवर अस्तरामागून वायरीचा टकटक आवाज येत राहील. सीट बेल्टच्या रीळजवळून आणि स्क्रू येऊ शकतील अशा ठिकाणाहून वायर नेऊ नका. फर्निचर करणारा सुतार नंतर येणार असेल तर वायरीची वाट आतून मार्करने आखून ठेवा आणि तिचा फोटो काढून त्याला द्या.

फॅनच्या जागी हातभर वायर जास्त सोडा. टोकांना टेप मारून ठेवा.

छत कापणं

हे काम आत्मविश्वास नसेल तर स्वतः करू नका. वागळे इस्टेटमध्ये किंवा कळंबोलीकडे गाड्यांच्या बॉड्यांचं काम करणारे पत्राकाम कारागीर हे नीट करतात. मात्र पुढच्या गोष्टी त्यांना आधी सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.

फॅनसोबतची फ्रेम आतून धरून चार कोपरे आखा, कोपऱ्यांवर आतून बारीक छिद्रं पाडा आणि वर जाऊन ती जुळवा. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप मारा, जिगसॉच्या तळाने रंग खरवडत नाही. ग्राइंडर नको. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात आणि पुढच्या पावसात छतभर तांबडे ठिपके उठतात. कापताना आतून मोठी प्लास्टिकची पिशवी चिकटवून ठेवा, कीस तिच्यात पडेल. छतावरचा कीस चुंबकाने उचला. आपल्या हवेत तो एका रात्रीत गंजतो.

कापलेली धार कानशीने गुळगुळीत करा, थिनरने पुसा, गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्या, वर रंग. दुसरा हात सुकेपर्यंत थांबा. गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा तास आहे.

सीलंटच्या बाबतीत एकच इशारा. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. त्यातून निघणारं ॲसिड पोलादाला गंजवतं आणि पुढे त्यावर दुसरं कुठलं सीलंट चिकटत नाही. फ्रेमखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, आणि कडेवर व स्क्रूच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंट. छतावर लांबीच्या दिशेने उठावाच्या रेषा असतील तर त्यांच्यामधल्या खोलगट जागी ब्यूटाइलचे दोन-तीन थर भरून पृष्ठभाग सपाट करून घ्या, किंवा त्या छतासाठी मिळणारी अडॅप्टर फ्रेम लावा.

जोड

दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं गाडीत चालत नाही. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. सोल्डर म्हणजे डाग देणंही इथे मला पटत नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी वायर नेमकी त्या कडेला तुटते.

क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी वायरीवर दाबून घट्ट बसवा. मापाचा बट कनेक्टर, म्हणजे दोन्ही टोकांनी वायर घालायची नळी, रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. पक्कडीने चेपलेला कनेक्टर क्रिम्प झालेला नसतो. वायरीचं आवरण कनेक्टरच्या नळीच्या लांबीएवढंच सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. दाबल्यावर दोन्ही बाजूंनी हिसका देऊन ओढा. सुटला तर आत्ताच सुटू द्या. मग नळी तापवा, कडेने गोंद बाहेर डोकावला की पाणी शिरायची वाट बंद झाली.

फॅनच्या स्वतःच्या वायरी बारीक असतात. ती लांबी हातभरच असते, तेवढ्याने फरक पडत नाही. २.५ ची वायर आणि बारीक वायर जोडताना पायरीचा, म्हणजे एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान तोंडाचा कनेक्टर वापरा. जोडाच्या आधी वायरीला खाली झोळ द्या. वरून पाणी आलंच तर ते झोळाच्या तळाशी गळून पडतं, जोडात शिरत नाही.

बॅटरीच्या टोकाला गोल थिंबल, म्हणजे बोल्टमध्ये अडकणारी धातूची कडी, क्रिम्प करा. फॅनच्या वाटेवर हाताला येईल अशा जागी एक डीसी रेटिंगचा स्विच ठेवा. थर्मोस्टॅट, रिमोट किंवा पावसाचा सेन्सर असलेला फॅन बंद असतानाही थोडी वीज घेत राहतो. गाडी महिनाभर सोसायटीत उभी राहणार असेल तर तो स्विच बंद करता येतो.

परीक्षा

फ्यूज न लावता मल्टिमीटर ओहमवर ठेवून फॅनकडे जाणारी लाल वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात तपासा. काही जुळणी दिसली तर वाटेत कुठेतरी वायर सोलली आहे, आधी ते शोधा. सगळं मोकळं असेल तर बॅटरीची मायनस लावा आणि मग फ्यूज बसवा.

फॅन पूर्ण वेगात चालू करा. इंजिन बंद, चार्जर बंद, सोलर झाकलेलं. पाच मिनिटं चालू द्या. आता बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्ट मोजा आणि लगेच फॅनच्या जोडावर मोजा. दोन्हींतला फरक ०.३६ च्या आत आला तर काम झालं.

जास्त आला तर गळती कुठल्या बाजूला आहे ते याच मीटरने कळतं. मीटरच्या एका टोकाला लांब वायर बांधा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं फॅनच्या प्लसच्या जोडाला. दिसतो तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेवरची गळती. तसंच मायनसचं करा. दोन्ही वायरी सारख्या असतील तर आकडेही जवळपास सारखे यायला हवेत, फक्त प्लसच्या बाजूला फ्यूज आणि स्विचमुळे किंचित जास्त. मायनसवर दुप्पट आला तर मायनसचा एखादा जोड कच्चा आहे. फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंनाही मोजा, बऱ्याचदा चोर तिथे सापडतो. हे सगळं अस्तर परत लावण्याआधी करायचं. शेवटी छतावर पाइपने पाच-दहा मिनिटं पाणी सोडा, आतून टॉर्च मारून बघा, आणि मगच अस्तर बसवा.

चालवताना

सगळ्या खिडक्या बंद ठेवून फॅन लावला तर तो नुसता घुमतो. आत येणारी हवा नसेल तर बाहेर काय टाकणार? एक खिडकी चार बोटं तरी उघडी हवी.

याच कारणाने एक धोका आहे, तो गांभीर्याने घ्या. बाहेर टाकणाऱ्या दिशेने फॅन चालू असताना स्वतःचं किंवा शेजारच्या गाडीचं इंजिन सुरू ठेवू नका. फॅन हवा कुठूनही ओढतो, दाराच्या फटीतून, जमिनीतल्या छिद्रांतून. सायलेन्सरचा धूर त्याच वाटेने आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत गॅसची शेगडी असो वा नसो, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेडजवळ लावा.

पावसाळ्यात फॅनकडून योग्य तीच अपेक्षा ठेवा. बाहेरची हवाच ओली असताना फॅन गाडी कोरडी करू शकत नाही. स्वयंपाकाची वाफ आणि श्वासाचा दमटपणा बाहेर टाकून गादीखाली बुरशी धरणं मात्र तो बरंच रोखतो.

पुढे बिघडलं तर

नवा फ्यूज बसवताच उडतो: शॉर्ट आहे, बहुधा एखाद्या ग्रोमेटपाशी किंवा नंतर मारलेल्या स्क्रूपाशी. काही तासांनी उडतो: मोटर जड झाली आहे, पात्यात धूळ किंवा पान अडकलं आहे का ते पाहा. दोन्ही वेळा ५ च्या जागी १५ चा फ्यूज घालून बघू नका.

फॅन मंद चालतो: वरची मोजणी पुन्हा करा. बॅटरीशी व्होल्ट ठीक आणि फॅनशी कमी, तर जोड. दोन्हीकडे कमी, तर बॅटरी. फॅन मधेच बंद होऊन झाकण मिटतं: सेन्सरवर पाण्याचा थेंब किंवा दव आहे, कोरड्या कापडाने पुसा.

दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, छतावर चढून सीलंटच्या कडा बोटाने दाबून पाहा. जिथे उचललं गेलं आहे तिथे जुनं खरवडून नवं भरा. त्याच दिवशी फ्यूज काढून त्याच्या पात्यांवर हिरवट थर आला आहे का बघा, आणि पूर्ण वेगातली ती मोजणी एकदा करून आकडा तारखेसह फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला तर कुठला तरी जोड खराब व्हायला लागला आहे.